दुसऱ्या शिपायाचं चिलखत

दिवसा मी शिरोड्याच्या यार्डात बार्जेसचा गंज काढतो.
आधी हातोडी, मग तारेचा ब्रश, मग लाल प्रायमर,
आणि नदी तिचं काम पुन्हा सुरू करते.
रात्री घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी योगा मॅटवर गंज चढवतो.

जत्रेचं नाटक. ऐतिहासिक.
राजाचं चिलखत फोंड्याहून भाड्यानं येतं,
सेनापतीचंही.
दुसऱ्या शिपायाचं भाडं मंडळाला परवडत नाही.
त्याला वाक्यं दोन: "कोण आहे तिकडे?"
आणि मरताना नुसतं "महाराज..."

पहिलं चिलखत थर्माकोलचं केलं होतं.
स्प्रेचा फवारा बसला
आणि छाती फसफसत आत गेली.
बायको दारातून म्हणाली, "युद्धाआधीच आटोपला."

मग मॅट. हेअर ड्रायरनं तापवली की वाकते,
थंड होईस्तोवर गुडघ्यावर दाबून धरायची.
त्यामुळे शिपायाच्या खांद्याचा गोल
माझ्या गुडघ्याचा आहे.

फेव्हिकॉलचे तीन हात. काळ्याचा एक.
चंदेरी मात्र घाई खपवून घेत नाही.
खाडीवरची ओल चढली की दुधाळतो,
डोळ्यात मोतीबिंदू उतरावा तसा.
म्हणून रविवारी, दुपारी दोन ते साडेतीन,
वारा सुका असतो तेवढ्यात,
वीतभर लांबून, हात न थांबवता.
डबा हलवला की आतली गोळी खुळखुळते
आणि शेजारचं कुत्रं उठून निघून जातं.

चंदेरीआधी काळ्यावर टूथपेस्टचे ठिपके दिले होते.
सुकल्यावर ओल्या फडक्यानं पुसले:
तिथे तिथे टवके उडालेले.
वीस रुपयांच्या ट्यूबमध्ये दोन लढाया.

पण टवके उडवायचे कुठे?
बार्जचं मला कळतं. दोर घासतो तिथे,
जेटीचा धक्का लागतो तिथे,
पाणी तुंबून राहतं तिथे.
सगळीकडे सारखा गंजलेला पत्रा मी आजवर पाहिला नाही.
या माणसाला काय घासलं असेल?
लिहिणाऱ्यानं त्याला नावसुद्धा दिलेलं नाही.

मग शांबाकडे बघितलं.
काम तोच करणार होता.
शांबा पिग्मी गोळा करतो, सत्तावीस वर्षं,
बोरी ते पंचवाडी, उजव्या खांद्यावर बॅग.
बॅग नसली तरी तो खांदा दोन बोटं खाली.
मी उजव्या खांद्यावरची चंदेरी
पट्ट्याच्या रुंदीइतकी घासून काढली.
कमरेला, बॅग आपटते तिथे, एक काळा चट्टा.
त्याला सांगितलं नाही.

आग्नेल यार्डातले उरलेसुरले डबे आणून देतो.
बघत उभा राहिला.
"दिसा जंग काडटा, रातीं जंग लायता. पिसो!"
मग स्वतःच वाकला. म्हणाला, तांबडं कमी आहे.
बाहेर जाऊन कुंपणाच्या चिऱ्याची मूठभर भुकटी खरवडून आणली,
डिंकात कालवली, बोटानंच बिजागरीशी भरली.
आमच्याकडची माती आणि आमच्याकडचा गंज,
देवालाही वेगळे करता यायचे नाहीत.

दुसऱ्या अंकात शांबा मेला.
डाव्या अंगावर पडला, उजवा खांदा वर,
आणि दिव्याखाली तो घासलेला पट्टा
तिसऱ्या रांगेतून मला स्पष्ट दिसला.
शेजारचा गृहस्थ खाजं खात होता.

आता ते शेडमध्ये खुंटीला आहे.
पावसाळा गेला, मॅटला काही झालं नाही.
पण बगलेतलं बक्कल, तेवढंच एक खरं लोखंड,
त्यानं आपलं आपण सुरू केलंय:
खाली एक बारीक ओघळ, तपकिरी, जरा तिरका.
असा तिरका मला सुचला नसता.

सोमवारी यार्डात तसलाच एक दिसला,
बार्जच्या पोटाला, वेल्डिंगच्या सांध्याखाली.
हातोडी उचललेली होती.
आधी नीट बघून घेतला.